थ्री पीक्सच्या सरावात ‘बसायचं’ कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. लंडनच्या पश्चिमेला रेडिंगच्या आसपास राहणारे तुम्ही सहा मित्र. जूनमध्ये यॉर्कशायर थ्री पीक्स, म्हणजे उत्तर इंग्लंडातले तीन डोंगर, एका दिवसात करायचं ठरवलंय आणि त्यासाठी फेब्रुवारीपासून दर शनिवारी खेड्यापाड्यांतून चालायचंय. तिघं म्हणतात, वाटेत पब नसेल तर आम्ही येत नाही. उरलेले तिघं म्हणतात, पबमध्ये शिरलो की सरावाचं वाटोळं. बरोबर कोण?

मी इंग्लंडात बावीस वर्षं चालतेय, त्यातली निम्मी वर्षं दहा-बाराजणांचा गट घेऊन. थ्री पीक्सला पाच वेळा गेले, चार वेळा पूर्ण केलं. पाचव्या वेळी जे अर्ध्यात सोडलं, त्याचं कारण पबच होतं. तरीही मी पबवाल्या तिघांच्या बाजूने आहे. अट एकच, पब वाटेत कुठे येणार हे आदल्या रात्री नकाशावर ठरलेलं हवं. दिसला म्हणून शिरलो, असं नाही.

आपल्याकडे ‘बसायचं का?’ एवढं विचारलं की पुढचं कुणी विचारत नाही. गंमत अशी की चालण्याच्या सरावात गोची त्या बसण्याचीच होते. लोक ग्लासाला दोष देतात. मी खुर्चीला देते. पंचवीस किलोमीटर चालून आलेला माणूस उबदार खोलीत गादीच्या बाकावर पाऊण तास बसला की त्याचे पाय लाकडासारखे होतात आणि मन त्याहून. तिथून उठून पुन्हा डोंगर चढायला लागणं ही वेगळी सवय आहे, आणि ती पब टाळून लागत नाही.

आधी जूनमधल्या दिवसाचा हिशेब करू, म्हणजे हे एवढं महत्त्वाचं का ते कळेल. पेनीगेंट (६९४ मीटर), व्हर्नसाइड (७३६) आणि इंगलबरो (७२३) असे तीन डोंगर, सुमारे ३९ किलोमीटर अंतर, एकूण चढ १,५८५ मीटर, आणि रिवाज असा की सगळं बारा तासांच्या आत. चढाचा अंदाज हवा असेल तर आतकरवाडीकडून सिंहगड आठवा. तसे साधारण अडीच सिंहगड एका दिवसात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर शंभर मीटर चढाला वरती दहा मिनिटं. त्या हिशेबाने अंतराचे पावणेआठ तास, चढाचे दोन तास चाळीस मिनिटं. झाले जवळजवळ साडेदहा. हे कुठेही न थांबता. म्हणजे खाणं, पाणी, फोटो, बुटाची नाडी, झुडपामागे जाणं, सगळं मिळून हातात दीड तास. सहाजणांच्या गटात एवढा वेळ नुसता एकमेकांची वाट बघण्यात जातो.

आता पब कुठे आहेत बघा. बहुतेक लोक हॉर्टन-इन-रिबल्सडेल गावातून निघून आधी पेनीगेंट करतात. मग लांबलचक सपाटी, ती संपते रिबलहेडला, चोवीस कमानींच्या रेल्वे पुलापाशी. तिथे पहिला पब. तो सोडून व्हर्नसाइड चढायचा, पलीकडे उतरायचं, की चॅपल-ले-डेलच्या रस्त्यावर दुसरा पब. तोवर दोन तृतीयांश अंतर संपलेलं असतं, गुडघे कुरकुरत असतात, आणि समोर इंगलबरोची सरळ उभी भिंत दिसत असते. मी सोडलं ते इथे. बाहेर रिमझिम होती, आत शेकोटी. कुणीतरी म्हणालं, ‘दहाच मिनिटं बसू.’ पन्नास मिनिटांनी उठायचा प्रयत्न केला तेव्हा पोटऱ्या आखडलेल्या, अंगातला घामेजला टी-शर्ट गार पडलेला, आणि माझ्याआधी चौघांनी टॅक्सीचा नंबर शोधलेला. त्या वर्षी आमची तयारी कमी नव्हती. एप्रिलमध्ये तीस किलोमीटर सहज झाले होते. पण त्या सगळ्या सरावात आम्ही पब कायम शेवटी ठेवला होता. चालून झालं की बसायचं, हेच पायांना शिकवलं होतं. बसून झालं की चालायचं, हे कधी शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम: सरावाच्या वाटेवर पब दोन तृतीयांशावर यावा, आणि त्याच्यानंतर एक खरा चढ असावा.

तुमच्या भागातलंच उदाहरण देते. रेडिंगहून गॅटविककडे जाणारी गाडी गोमशॉल आणि डॉर्किंग डीपडीनला थांबते. या दोन स्थानकांच्या मध्ये सरे परगण्यातल्या टेकड्या आहेत आणि बहुतेक जण गोमशॉलला उतरून डॉर्किंगकडे चालतात, कारण डॉर्किंग मोठं गाव, शेवटी गाड्या भरपूर. वाट सुंदर आहे, पण सरावाच्या दृष्टीने उलटी. होल्मबरी सेंट मेरी गावातला पब निम्म्याच्याही आधी येतो, तेव्हा कुणी दमलेलं नसतं. आणि कोल्डहार्बरचा पब येतो तेव्हा पुढे सगळा उतार. तुम्ही दिशा फिरवा. डॉर्किंगहून निघा, कोल्डहार्बरच्या पबकडे बघून नुसता हात करा, लीथ हिल (२९४ मीटर, वर अठराव्या शतकातला बुरूज, त्यात खिडकीतून चहा-केक मिळतो, उभ्याने प्या) करून होल्मबरी सेंट मेरीत उतरा. बारा-तेरा किलोमीटर झालेले असतात. इथे बसा. आणि उठल्यावर लगेच होल्मबरी हिलचा चढ, २६१ मीटरपर्यंत, मग गोमशॉल. एकूण वीसेक किलोमीटर. तोच रस्ता, तेच पब, पण सराव दुप्पट. गोमशॉलला प्रत्येक गाडी थांबत नाही, तेव्हा वेळापत्रक आधी बघा, नाहीतर फलाटावर तास-दीड तास कुडकुडाल.

फेब्रुवारीत मात्र एवढं नको. तेव्हा गोरिंगला जा, रेडिंगहून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. पूल ओलांडून स्ट्रीटलीत, तिथून ‘रिजवे’ नावाच्या जुन्या पायवाटेने वर आणि मग डावीकडे ऑल्डवर्थ. गावात ‘बेल इन’ आहे. एकाच घराण्याकडे अडीचशेहून जास्त वर्षं असलेला पब, आणि ‘रिअल एल’ या पारंपरिक बिअरसाठी १९७१ पासून झगडणाऱ्या कॅम्रा संघटनेचा देशातला सर्वोत्तम पबचा मान दोनदा मिळवलेला, १९९० आणि २०१९ मध्ये. आत नेहमीसारखा लांब काउंटर नाही, एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून ग्लास आणि भरलेले रोल बाहेर येतात. सोमवारी बंद. हा निम्म्या वाटेवरचा पब. परत येताना स्ट्रीटलीच्या माथ्यावरून थेम्सची खिंड दिसते आणि तिथला उतार गुडघ्यांना पहिली चुणूक दाखवतो. चौदा किलोमीटर, पहिल्या महिन्याला भरपूर. ही खडूची जमीन आहे एवढं लक्षात असू द्या. पावसानंतर ओला खडू साबणासारखा होतो. सपाट तळाचे रनिंग शूज घालून आलेला एकजण दरवेळी असतोच आणि दरवेळी तोच पडतो.

आता पबच्या आत काय करायचं. मी चाळीस मिनिटं देते आणि घड्याळ एकाच्याच हातात असतं. त्यांतली पहिली दहा सगळ्यांत कामाची. आत शिरताच एकजण ऑर्डर द्यायला काउंटरवर, बाकीच्यांनी टेबल धरायच्या आधी अंगातला ओला टी-शर्ट बदलून कोरडा घालायचा. संडासात जाऊन दोन मिनिटांत होतं, आणि निघताना थंडी वाजण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं. मग बूट. चिखलाचे बूट दाराशी काढून मोज्यांवर आत जाणं इथे चालतं, उलट मालकाला बरं वाटतं. आपल्याला तर उंबऱ्याशी वहाणा काढायची सवयच आहे. मोजे काढा आणि टाच, करंगळी, चवड्याची बाजू बोटाने चाचपून बघा. जिथे गरम लागतं, कातडी गुलाबी दिसते पण फोड आलेला नाही, ती जागा पकडायची. कोरडी पुसून झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी लावायची, टोकं कात्रीने गोल करून. चौकोनी टोक मोज्याला अडकून उचकटतं आणि मग पट्टीच टोचायला लागते. फोड आलाच असेल तर फोडांसाठीची जाड जेलची पट्टी. त्यावर कोरडे लोकरीचे मोजे. बूट परत चढवताना घट्ट लागतील, कारण पाय सुजलेले असतात. वरच्या दोन फासांत नाडी जरा सैल ठेवा आणि पंधरा मिनिटं चालल्यावर पुन्हा आवळा.

खाणं हलकं. सूप, चीज-कांद्याचं टोस्टी, चिप्स वाटून. ‘पाय’ (पेस्ट्रीच्या आवरणातलं सारण) आणि संडे रोस्ट शेवटच्या पबसाठी ठेवा. पोटात रोस्टबरोबरचं यॉर्कशायर पुडिंग आणि समोर चढ, हे जमत नाही. शाकाहारी असाल तर काळजी नको, आता बहुतेक ठिकाणी काहीतरी असतंच. आमच्या गटातली एक मैत्रीण संकष्टीलाही चालायला येते आणि लोणी घातलेला जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) मागवते. तिच्या मते इंग्रजांनी उपासासाठी केलेला हा एकमेव पदार्थ. घरून आणलेल्या दशम्या-चटणी मात्र पबच्या टेबलावर उघडू नका, अंगणातल्या बाकावरही विचारल्याशिवाय नको. त्या माथ्यावर वाऱ्यात बसून खायच्या. आणि स्वयंपाकघर कधी बंद होतं ते फोन करून विचारा. खेड्यांत दुपारी दोन-अडीचला ते बंद होऊ शकतं. सहाजण असाल तर सकाळीच फोनवर सांगून ठेवा. नाहीतर चाळीसपैकी तीस मिनिटं ताटाची वाट बघण्यात जातील. नकाशावर पब दिसतो म्हणून तो चालू आहे असंही समजू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या नारिंगी नकाशावर ‘पीएच’ (पब्लिक हाउस, म्हणजे पब) अशी अक्षरं किंवा निळा मग छापलेला असतो, पण खेड्यातले पब नकाशापेक्षा लवकर बंद पडतात.

पिण्याबद्दल. इथला पाइंट ५६८ मिलिलिटरचा. चार टक्क्यांच्या बिटर नावाच्या बिअरचा एक पाइंट म्हणजे सव्वादोन युनिटच्या वर (युनिट हे इथलं अल्कोहोल मोजायचं माप), आणि शरीर तासाला साधारण एक युनिट निपटतं. म्हणजे दुपारी एक पाइंट घेतलात तर पुढचे दोन तास तो तुमच्याबरोबर चालतोय. चालतो म्हणजे काय, तर त्वचेकडे रक्त वळवतो, त्यामुळे ऊब वाटते पण प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते, लघवी वाढवतो, आणि ओल्या दगडावर पाऊल टाकताना तुम्हाला थोडं जास्त शूर करतो. शूर माणसाचा घोटा मुरगळतो. माझा गटातला दंडक: वाटेत हाफ, शेवटी पाइंट. आणि राउंडची पद्धत, म्हणजे पाळीपाळीने एकाने सगळ्यांसाठी घ्यायचं, वाटेत बंद. सहाजणांनी प्रत्येकाचा मान राखत एकेक राउंड घेतली तर माणशी सहा पाइंट होतात, म्हणजे जवळपास चौदा युनिट. इथल्या सरकारी वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे आठवड्यात ज्याच्या वर नियमित जाऊ नये ती मर्यादा एका शनिवारी. त्यापेक्षा सकाळी गाडीत माणशी वीस पौंड गोळा करून एका पाकिटात टाका आणि सगळं त्यातून. ज्यांना प्यायचंच नाही त्यांनी लाइम-सोडा किंवा बिनअल्कोहोलची बिअर मागावी. आताशा कुणी भुवई उचलत नाही. हाफ घेणाऱ्यानेही आधी एक मोठा ग्लास पाणी. नळाचं पाणी मागितलं तर देतात, बाटल्याही भरून देतात.

तिसाव्या मिनिटाला घड्याळवाल्याने उभं राहायचं. नुसतं ‘चला’ म्हणून भागत नाही, कुणीतरी उभं राहिलं की बाकीचे हलतात. बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू, जाकीट अंगात ठेवून. चढ लागला की थांबून जाकीट काढा. पाय कुरबुर करतील, ती दहा मिनिटांत थांबते. ही कुरबुर थांबते हे एकदा अनुभवलं, दुसऱ्यांदा अनुभवलं, की जूनमध्ये चॅपल-ले-डेलला कुणी टॅक्सीचा नंबर शोधत नाही.

उजेडाचा हिशेब फेब्रुवारी-मार्चमध्ये विसरू नका. एका नोव्हेंबरात आम्ही सरेतच एका पबात शेकोटीपाशी रमलो. बाहेर पडलो तेव्हा साडेचार झाले होते, आणि त्या दिवसांत सूर्य सव्वाचारच्या सुमाराला बुडतो. जंगलातली वाट, सहाजणांत एक टॉर्च. बरोबरच्याने बूट शेकोटीला इतके चिकटवून ठेवले होते की एकाचा तळ उकलला होता. तो मोज्याच्या जोडीने बांधून स्थानकापर्यंत आणला. मला त्या दिवशी खरी लाज वाटली ती मोज्यांची, कारण पिशवीत नाडीची जादा दोरीसुद्धा ठेवलेली नव्हती. प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा दिवा हवा, मोबाइलचा नव्हे.

वाटांबद्दल एकच सांगते, कारण नवीन मराठी मंडळी इथे बिचकतात. पिवळा बाण दिसला की ती सार्वजनिक पायवाट, मग ती कुणाच्या गव्हातून जावो की अंगणाच्या कडेने. तिच्यावरून जायचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे, मनात अपराधी भाव नको. फाटकं जशी मिळाली तशी ठेवा. वासरू बरोबर असलेल्या गायी दिसल्या तर मात्र लांबून वळसा घ्या, हक्क वगैरे विसरून. गाय गरीब असते ही आपली समजूत इथल्या शेतात सोडून द्यायची.

आता महिन्यांची वाटणी. फेब्रुवारी बारा ते चौदा किलोमीटर, पब निम्म्यावर. मार्च सोळा ते वीस. एप्रिलपासून पब दोन तृतीयांशावर आणि अंतर पंचवीसपर्यंत. मधल्या एखाद्या आठवड्याला शनिवारबरोबर रविवारीही दहा-बारा किलोमीटर, दुखऱ्या पायांनी. दर चौथा आठवडा हलका. मेमध्ये एकदा तीस-बत्तीस किलोमीटर झाले की पुरे. पूर्ण एकोणचाळीस आधी करून बघायची गरज नाही. त्या लांब दिवशी पबमध्ये वीसच मिनिटं, घड्याळ लावून, म्हणजे खऱ्या दिवशीची घाई कशी असते ते कळेल. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा.

या सगळ्यात एक उणीव राहते. तुमच्या भागात डोंगर नाहीत. सरेची टेकडी तीनदा चढली तरी उतार छोटा राहतो, आणि थ्री पीक्सला माणूस चढाने कमी, उताराने जास्त मोडतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्याला बारीक बारीक इजा होते आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. चांगली गोष्ट अशी की एकदा मोठा उतार भोगला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू बरेच सावरलेले असतात. म्हणून जूनच्या तीनेक आठवडे आधी एकदा गाडी काढून वेल्समध्ये पेन-अ-व्हॅनला जा, ८८६ मीटर. ‘स्टोरी आर्म्स’ नावाच्या जागेवरून वाट सुरू होते. नावावर जाऊ नका, तो पब नाही. आमच्या गटातला एकजण दुपारभर त्याची स्वप्नं बघत चढला आणि उतरला होता.

खऱ्या दिवशी ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २ क्रमांकाचा नकाशा आणि पहाटे साडेसहाला हॉर्टनहून निघायचं. रिबलहेडला पाणी आणि पुढे चला. चॅपल-ले-डेलला बाहेरच्या भिंतीवर टेकून मोजे बदला, उरलेली दशमी खा, पबच्या आत फक्त एकाने जायचं, तेही बाटल्या भरायला. बसायचं ते हॉर्टनला पोचल्यावर. त्या रात्रीची खोली आत्ताच धरून ठेवा, जूनमधले शनिवार लवकर भरतात. तळमजल्यावरची मिळत असेल तर दोन पौंड जास्त द्या, कारण रविवारी सकाळी न्याहारीला जिना उतरून जाणं हा तुमचा चौथा डोंगर असेल.